आक्कानं बडवलेली वाकळ

सुजाताचा फोन आला तेव्हा मी कंधारच्या घरी ओसरीवर ज्वारी निवडत बसले होते. "आई, आक्का गेली गं..." एवढंच ती म्हणाली. मागं तिचं पोरगं किंचाळत होतं. मी विचारलं, "कशी गेली?" तर लेक म्हणाली, "भांडत भांडत." खरंच तसं झालं होतं. दुधात पाणी जास्त म्हणून आक्का सकाळी दूधवाल्याच्या अंगावर धावून गेली, त्याची किटली लाथेनं उडवली, आत येऊन बाजेवर बसली आणि "जीव घाबरायलाय" म्हणाली. सुजाता पाणी घेऊन येईपर्यंत ती कलंडली होती. मला रडू यायच्या आधी हसूच आलं. मग लातूरच्या गाडीत बसले आणि अहमदपूर येईपर्यंत पदर तोंडात कोंबून रडले.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, गयाबाई. तिला जाऊन आता महिना उलटला. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या आठवणीच्या कार्यक्रमात लोक उठून बोलले, कष्टाळू होती, मायाळू होती. मायाळू! आक्का समोर असती तर तिनं बोलणाऱ्याच्या हातचा माईक हिसकावून घेतला असता. लोकांचा राग नाकावर असतो, हिचा हातात होता. लातूरच्या डाळ मिलमध्ये ती चाळणीवर कामाला होती, तेव्हा मुकादमानं एका नव्या पोरीचा पदर ओढला. आक्कानं त्याला तुरीच्या पोत्यांमध्ये लोळवून चाळणीच्या कडेनं असा हाणला की त्याच्या कपाळाची खोक पुढं जन्मभर तिची आठवण सांगत फिरली. मलाही तिनं दोनदा थोबाडीत दिली आहे आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती, असं ती मरेपर्यंत म्हणायची. ह्याच बाईनं माझा आणि माझ्या लेकीचा जीव वाचवला. तो कसा, हे त्या कार्यक्रमात कुणी बोललं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. म्हणून मी लिहिते आहे.

तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. आमचे हे कारकून. त्यांची नेमणूक तिकडच्या नव्या कचेरीत झाली. "बसायला खुर्च्या न्हाईत, पण बदल्या आधी पोचल्या," असं ते म्हणायचे. ते लातूरला खोली घेऊन राहिले आणि मी पोटुशी बाई कंधारला, सासू-सासऱ्यांजवळ. त्यात पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला. विहिरी तळाला गेलेल्या, टँकर आला की बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण माझी आई आधीच गेलेली, अर्धापूरला वडील आणि भाऊ पाण्यावाचून जळत्या केळीच्या बागेत डोक्याला हात लावून बसलेले. तिथं माझं कोण करणार होतं? म्हणून सासरीच बाळंत झाले. मुलगी झाली आणि सासऱ्यांनी गल्लीभर पेढे वाटले. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं मुलगी झाली म्हणून बाईचं डोकं फिरलं. तसं काही नव्हतं.

मला काही वाटलंच नाही, असं झालं होतं. पोरीला माझ्या कुशीत ठेवलं आणि मला ती शेजारणीची वाटली. बाळंतिणीची अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, आणि मी छताकडं बघत पडलेली. पोर झोपली तरी मला झोप नाही. ताटातली भाकरी तशीच वाळून जायची. आणि ती रडायला लागली की माझे हात शिवशिवायचे. तिला उचलून भिंतीवर आपटावं असं मनात यायचं. नुसतं मनात नाही, ते मला डोळ्यांसमोर होताना दिसायचं, भिंत दिसायची, रक्त दिसायचं. मग मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची, सुटू नयेत म्हणून. बाहेरून येणाऱ्याला काय दिसायचं? पोर बोंबलतीय आणि माय हात दाबून नुसती बसलीय.

दुसऱ्या घरी "बाहेरचं झालं" म्हणाले असते, लिंबू उतरवला असता. आमच्यात ते नव्हतं. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव नेऊन गोदावरीत सोडले होते, आणि भगताचं नाव काढणाऱ्याला ते उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाहीत. त्याबद्दल मला आजही त्यांचा अभिमान आहे. पण भूत गेलं, देवीचं वारं गेलं, आणि त्यांच्या जागी माझ्यासाठी एकच शब्द उरला, ढोंग. "आपल्यात भूत न्हाई अन् खेत न्हाई," सासरे सासूला सांगायचे. "काम चुकवायला ढोंग करायलीय." म्हणजे अंधश्रद्धा गेली पण मार तेवढा राहिला.

तो मार बसला घागरीवरून. टँकरच्या रांगेत सासूबाई उन्हात तासन्‌तास उभ्या राहिल्या होत्या आणि घरादाराचं दिवसाचं पाणी घेऊन आल्या होत्या. डोईवरची घागर उतरवून घ्यायला त्यांनी मला हाक मारली. मी घागर हातात घेतली आणि आत पोर रडायला लागली. माझे हात आपोआप सुटले. पाणी सगळं अंगणात. अंगणानं ते क्षणात पिऊन टाकलं. सासूबाई चुलीपुढची लोखंडी फुकणी घेऊन आल्या आणि पाठीवर, दंडावर, कानशिलावर, जिथं लागेल तिथं. कानातून रक्त आलं तेव्हा त्या थांबल्या आणि स्वतःच रडत बसल्या. शनिवारी हे आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि वरून एक त्यांचीही ठेवून दिली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पुढच्या आठवड्यात मी पोरीला घेऊन गावाबाहेरच्या विहिरीवर गेले. कशाला गेले ते सांगायला नको. वाकून बघितलं तर तळाला भेगाळलेला गाळ आणि एक मेलेली शेळी. पाणी असतं तर आज हे लिहायला मी नसते. साऱ्या मुलुखाला ज्या दुष्काळानं रडवलं त्यानं माझं मरण पुढं ढकललं. मी काठावर बसून राहिले. शेजारच्या रहिमाबी, बांगड्या विकायच्या, त्या शेताकडून येत होत्या. त्यांनी काही न विचारता पोर माझ्या हातातून काढून घेतली, माझं मनगट धरलं आणि घरी आणून सासूबाईंना बजावलं, "इसकू अकेली नको छोडो, बोल दे रई मैं." मग मात्र घर हादरलं. आणि सासऱ्यांनी लातूरला निरोप धाडला, गयाला बोलवा, तीच हिला सरळ करील.

आमच्या घरानं केलेली सगळ्यात मोठी चूक ती. आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं नशीबही तेच. घरातली सगळ्यात मारकुटी बाई म्हणून त्यांनी आक्काला बोलावलं. तिचं मागचं कुणी बोलायचं नाही. लहानपणी अहमदपूरकडं दिली होती, एक मूल होऊन गेलं, नवऱ्यानं टाकली, ती लातूरला जाऊन एकटी कमावून खायला लागली, एवढंच मला ठाऊक. ती आली ती वादळासारखी. पिशवी ओसरीवर फेकली. गल्लीतल्या दोघी-तिघी बाळ बघायला आल्या होत्या, बाळ कुणावर गेलं ह्याची चर्चा चालली होती. आक्कानं बाळाकडं पाहिलंच नाही. ती दारात उभी राहून माझ्याकडं बघत राहिली... मग म्हणाली, "फुकणी आणा. अन् समदे भाईर व्हा."

तिनं दाराला आतून कडी घातली. पोरीला माझ्यापासून घेऊन कोपऱ्यातल्या झोळीत टाकली. मी भिंतीला टेकून दोन्ही हात डोक्यावर धरले. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हळू, अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "पोरीला मारावं वाटायलंय का गं तुला?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. दूध येतंय का विचारलं होतं, जेवलीस का नाही विचारलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हाव."

"सपनात का जागी?"

"जागी."

"अन् हात दाबून बसतीस."

मी मान हलवली. ती उठली. बाजेवरची वाकळ तिनं ओढून जमिनीवर टाकली, फुकणी उचलली आणि मला म्हणाली, "आता वरड." मला काही कळेना. तिनं सगळ्या ताकदीनं वाकळीवर पहिला तडाखा घातला आणि घसा फोडून ओरडली, "ढोंग करतीस? माझ्या घरात ढोंग करतीस रांडं?" आणि माझ्याकडं डोळे वटारून, दबक्या आवाजात, "वरड की गं भवाने!" मी ओरडले. पहिल्यांदा खोटं ओरडले, मग खरं ओरडायला लागले. महिनाभराचं सगळं त्या ओरडण्यात बाहेर आलं. बाहेर ओसरीवर अख्खं घर ऐकत होतं, सासूबाई "बास कर गं गया, मरंल ती" म्हणून दार बडवत होत्या, आणि आत आक्का वाकळ बडवत होती. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या खोलीभर उडत होत्या. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की ती आता नाटक करत नाही. ती शिव्या देत होती त्या मला नव्हत्या. "भूत म्हणतो व्हय रं? भूत? हे घे भूत!" असं ती कुणाला तरी म्हणत होती, आणि तिच्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं. फुकणी वाकली तेव्हाच ती थांबली.

मग धापा टाकत माझ्याजवळ येऊन बसली आणि भिंतीकडं बघत बोलली. "माझा पोरगा माझ्याच हातून गेला, विमले. लोक काय काय म्हणतेत, पण मीच होते. मला असंच दिसायचं. म्या सासूला सांगितलं, तर तिनं भगत आणला. आमच्यातबी दीक्षा झाल्ती, देव सोडले होते, पण भगताचं घर कुणी इसरलं नव्हतं. लिंबाच्या फोकानं त्यानं माझी पाठ फोडली, मिरच्याची धुरी दिली. मी आडवी पडले तर म्हणला, उतरलं. समद्यांनी मला न्हाऊ घातलं, अन् चांगली झाली म्हणून लेकरू परत माझ्यापाशी निजवलं." झोळीतली पोर एव्हाना रडून रडून झोपली होती. "तुझं न्हाई जाऊ देत मी," आक्का म्हणाली. एकीची पाठ भूत काढायला फोडली, दुसरीची ढोंग काढायला, आणि दोन्ही वेळा माणसं आपलीच होती.

कडी काढून ती बाहेर गेली. वाकलेली फुकणी सासऱ्यांच्या पायाशी टाकली आणि सांगितलं, "लई मुरलेलं ढोंग हाय, आबा. एका दिसात उतरायचं न्हाई. मी हिला लातूरला नेते, तिथं उतरवते." सासऱ्यांनी मान डोलावली. सासूबाईंनी तर पोरीची दुपटी बांधून दिली. त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत वाटायचं की आक्काच्या मारानंच मी सरळ झाले, आणि मीही तो समज कधी मोडला नाही.

लातूरला आक्काची डाळ मिलच्या मागं पत्र्याची खोली होती. दिवसभर तुरीचा भुसा उडायचा, नाक-कान भरायचे. झोपताना पोर आक्काच्या त्या बाजूला आणि मी ह्या बाजूला, आणि तिच्या लुगड्याचं टोक माझ्या पायाला बांधलेलं. मी कूस बदलली तरी ती उठून बसायची. पाजायला पोर माझ्याकडं द्यायची तेव्हा समोर बसून राहायची, मग उचलून न्यायची. कामावर जाताना पोर बरोबर न्यायची आणि मला शेजारणीच्या हवाली करायची. आणि रोज तोच प्रश्न. आडात पाणी किती ते माणसं सांगतात ना, घोटाभर, गुडघाभर, तसं ती मला विचारायची, "आज राग कितपत हाय?" मी म्हणायची गळ्यापर्यंत. ती म्हणायची, बरं. कधी उपदेश नाही, "आईचं काळीज" वगैरे नाही. हे रविवारी आले आणि दारातूनच म्हणाले, "उतरलं का ढोंग?" आक्कानं तव्यावरची भाकर सोडून तवाच उचलला. हे गल्लीच्या तोंडापर्यंत पळाले. तिथून तिनं त्यांना परत आणलं, दोन घागरी हातात दिल्या आणि म्हणाली, "नवरा हाईस न्हवं? मग पाणी आण." तेव्हापासून नव्या जिल्ह्याचे कारकूनसाहेब कचेरीत जायच्या आधी रोज टँकरच्या रांगेत उभे राहायचे. त्यांच्या स्वभावातला कडकपणा तिथंच उतरला असावा.

पण पाय बांधून आजार बरा होत नाही, हे आक्कालाही कळत होतं. तिनं मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, बाहेर ही रांग. आक्कानंच सगळं सांगितलं, मी खाली मान घालून बसले होते. बाईंनी मला चार-दोन प्रश्न विचारले आणि सरळ म्हणाल्या, "हा आजार आहे. बाळंतपणानंतर होतो काही बायकांना. मन फार खोल जातं, असले विचार येतात. गोळ्या घ्याव्या लागतील, झोप लागेल असं केलं पाहिजे, आणि बाळाजवळ कुणीतरी कायम हवं. बरी होईल ती."

आक्का म्हणाली, "ह्याला नाव हाय?"

"आहे ना."

"अन् औषध?"

"औषध पण आहे."

आक्कानं बाईंच्या टेबलावरचा काचेचा जड गोळा उचलला आणि समोरच्या भिंतीवर असा फेकून मारला की सगळी खोली काचांनी भरली. "मग मला कशाला मारलं?" ती किंचाळली. "नाव हाय, औषध हाय, मग मला कशाला मारलं गं? माझं लेकरू कशाला..." शिपाई धावत आत आला. डॉक्टरीण बाईंनी त्याला हातानंच मागं सारलं, दार लावून घेतलं आणि त्या काचांमध्ये आक्काच्या शेजारी फरशीवर बसल्या. त्यांनी तिची समजूत घातली नाही, नुसता तिचा हात धरून ठेवला. बाहेरची रांग बराच वेळ खोळंबली.

मी एका दिवसात बरी झाले नाही. मधे एकदा गोळ्या मोरीत टाकून दिल्या, तेव्हाची ती पहिली थोबाडीत. कितीतरी आठवडे काहीच बदललं नाही असं वाटायचं. मग एकदा भाजलेल्या तुरीचा वास आला आणि मला भूक लागली. आणखी काही दिवसांनी कळलं की सुजाता हसताना तिच्या एका गालालाच खळी पडते. ती खळी आधीपासून असणार, मी बघितली नव्हती. राग गळ्यावरून कमरेला आला, कमरेवरून गुडघ्याला. एका सकाळी उठले तर पायाला पदर नव्हता आणि पोर माझ्या बाजूला होती. आक्का पाठ करून झोपल्याचं सोंग घेत होती. मी पोरीला पाजलं. बाहेर टँकरवर बायांची भांडणं चालली होती.

पुढं सुजाता शिकली, लातूरलाच नोकरीला लागली, तिथंच नांदते. म्हाताऱ्या आक्काला तिनं स्वतःच्या घरी नेलं होतं, पुढची खोली दिली होती. तिला पोरगा झाला तेव्हा मी दोन महिने राहून आले, सगळं छान होतं, असं मला वाटलं.

पुण्यानुमोदन आटोपून पाहुणे गेले, जावई सतरंज्या परत करायला गेले. सुजाता आणि मी त्या पुढच्या खोलीत बसलो होतो. पोरगं तिच्या कडेवर. ती म्हणाली, "आई, आक्का मला रोज विचारायची, पोराचा राग आला का म्हणून. मी म्हणायची, छे गं, माझं लेकरू आहे. तर म्हणायची, खोटारडी. तू कंधारला गेल्यावर एकदा म्हटलं, आला. मोरीत जाऊन भिंतीवर डोकं आपटून आले म्हटलं. तर तिनं पोराला उचललं, अन् मला धरून दवाखान्यात. अजून गोळ्या चालू आहेत माझ्या."

मी म्हणाले, "मला कशाला नाही सांगितलंस गं?"

"आक्का नको म्हणली. म्हणली, तुझ्या मायला तिचं आठवंल." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "काय आठवंल, ते काही सांगितलं नाही तिनं. आई, तुला माझा राग आला होता का?"

इतकी वर्षं मी ह्या प्रश्नाला भीत होते. तो आक्काच्या खोलीत, आक्काच्या माघारी आला. मी म्हणाले, "हाव."

"किती?"

मग मी सगळं सांगितलं. भिंत सांगितली, मांड्यांखालचे हात सांगितले, विहीर सांगितली. सांगताना मी तिच्याकडं नाही, तिच्या कडेवरच्या पोराकडं बघत होते, आणि मला वाटत होतं की आता ही उठेल, त्याला छातीशी धरेल आणि पुन्हा कधी माझ्या हाती देणार नाही. ती उठलीच. पोराला माझ्या मांडीवर टेकवलं आणि म्हणाली, "धर ह्याला. मी जरा पडते. लई दिवस झाले झोपले नाही." आणि आक्काच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

मी पोराला घेऊन अंगणात आले. त्यानं भोकाड पसरलं. माझं कानातलं धरून असं ओढलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला राग आला, चांगलाच आला. आक्काच्या तोंडची एक शिवी, इथं लिहिता येणार नाही अशी, मी त्याला हासडली. ते क्षणभर गप्प झालं, माझ्याकडं टकामका बघितलं आणि दुप्पट आवाजात सुरू झालं. मी त्याला खांद्यावर टाकून अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. आत सुजाता घोरत होती.